रिकाम्या वर्गांतील दिवे

बंगळूरच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी हे नाव आज महाराष्ट्रातील कित्येक घरांना परिचयाचे झाले आहे. कुणाचा मुलगा तेथे नोकरीस आहे, तर कुणाची कन्या आसपासच्या महाविद्यालयात शिकत आहे. तिच्या शुल्काची जुळवाजुळव करताना आपण घरचे दिवे काटकसरीने लावतो. परंतु तिच्या वर्गातील दिवे कोण मालवतो, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

घरी विजेचे बिल हातात पडते, म्हणून गृहिणी जाता जाता बटण बंद करते. वर्गातून शेवटी निघणाऱ्या विद्यार्थ्यास वाटते, पुढचा तास असेलच; शिक्षकांस वाटते, शिपाई पाहील; आणि शिपायाकडे तीन मजले असतात!

ह्याचा हिशोब करून पाहू. समजा, एका वर्गात जुन्या पद्धतीच्या आठ नळ्या व सहा पंखे आहेत. चोक धरून नळीस सुमारे ५० वॅट व पंख्यास ७५ वॅट लागतात. म्हणजे एकूण ८५० वॅट. रिकामा वर्ग रोज दोन तास असाच चालू राहिला, तर १.७ युनिट वाया जातात. असे ४० वर्ग व वर्षाचे २०० दिवस धरले, तर हा आकडा १३,६०० युनिटांवर जातो. बटण बंद करण्यास मात्र एक पैसाही लागत नाही. त्यापुढे २० वॅटच्या एलईडी नळ्या व ३० वॅटचे नवे पंखे बसविल्यास तोच वर्ग ३४० वॅटमध्ये भागतो.

वातानुकूलनाचेही तसेच आहे. यंत्राचे तापमान एका अंशाने वाढविले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे सांगणे आहे. २०२० पासून तारांकित यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावलेली येतात. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरांहून उंच वसलेल्या बंगळुरास तर निसर्गानेच गारवा दिला आहे. तो कसा वापरावा, हे पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी ह्यांनी बन्नेरघट्टा रस्त्यावरील भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या वास्तूत दाखविले. स्थानिक ग्रॅनाइटच्या भिंती, लांबरुंद अर्धखुले सज्जे, वेलींची सावली आणि वरून उतरणारा सूर्यप्रकाश ह्यांमुळे तेथील वाटांवर दिवसा दिव्यांची गरजच फारशी भासत नाही.

जुन्या इमारती पाडून नव्या बांधणे सर्वांस शक्य नाही. परंतु प्रत्येक इमारतीस स्वतंत्र मीटर बसविता येतो. संध्याकाळी कुलूप लागताना व सकाळी ते उघडताना त्याची नोंद घ्यावी. रात्री कुणी नसताना मीटर कितपत फिरला, ह्यावरून चालू राहिलेले संगणक, पाण्याचे कूलर व विसरलेले दिवे चटकन उघडकीस येतात.

पुढील खेपेस मुलांना भेटावयास जाल, तेव्हा अभ्यासाची चौकशी तर कराच, त्याबरोबर, "तुमच्या वर्गाचे दिवे कोण मालवते?" हेही अवश्य विचारा. "मीच मालवतो," असे उत्तर आले, तर घरचे वळण तेथवर पोहोचले असे समजावे.