ब्रेकच्या नळीचा जाम नट

जयनगरच्या चौथ्या ब्लॉकपासून जरा आत वळलं, की झाडांच्या सावलीत उभ्या गाड्यांमध्ये एखादी तरी जुनी मारुती ८०० दिसते. नंबरपाटीवर केए-०५, म्हणजे जयनगर आरटीओचीच. ही गाडी डिसेंबर १९८३मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४मध्ये बनायची थांबली. अशा गाडीच्या मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर गळू लागला, तर खुद्द सिलिंडर बदलणं फार अवघड नसतं. काम अडतं ते त्यात शिरणाऱ्या ब्रेकच्या नळीच्या बोटाच्या पेराएवढ्या नटापाशी. पाना लावला तर नट हलत नाही, जोर लावला तर त्याच्या कडा झिजतात, आणि आणखी जोर लावला तर नटाबरोबर नळीच पिळवटते.

बेंगळुरूत समुद्र नाही, मग गंज कुठून आला, असा प्रश्न हमखास विचारला जातो. मुंबईच्या आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत गाडी लवकर गंजते, हे खरं. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे, तेव्हा ती खारी हवा इथे नाही. पण लोखंडाला गंजायला मीठ लागतंच असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली, की धातूवर पाण्याचा डोळ्यांना न दिसणारा थर टिकू लागतो आणि गंजाचा वेग वाढतो. या शहरात मे महिन्यातल्या वळवापासून ऑक्टोबरपर्यंत पाऊस येत-जात राहतो. जयनगरच्या गर्द सावलीत उभी गाडी खालून लवकर वाळत नाही, आणि चाकाने उडवलेला चिखल नेमका त्या नटावर बसतो.

गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नटाचे आटे आणि सिलिंडरचे आटे यांच्यातली केसाएवढी फट तो फुगून भरून काढतो. म्हणून नट ‘मळाने जाम झालाय’ असं समजून नुसता धुऊन काढल्याने तो सुटत नाही. शिवाय जाम होण्याची आणखी एक जागा असते आणि तिकडे फार कमी जण पाहतात. हा नट नळीवर माळेतल्या मण्यासारखा मोकळा फिरायला हवा. नळी आणि नट यांच्यामध्ये गंज धरला, की आटे सुटले तरी नळी नटाबरोबर फिरते आणि पिळा बसून चिरते. म्हणून तेल फक्त आट्यांच्या बाजूला मारून भागत नाही. नटाच्या मागच्या तोंडाशी, जिथे नळी आत शिरते तिथेही ते पोहोचवावं लागतं, आणि त्याआधी तो भाग तारेच्या ब्रशने घासून घ्यावा लागतो.

कुठलं तेल, हा पुढचा प्रश्न. निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० बहुतेक गॅरेजांत असतं आणि ते जाम नटावरचा रामबाण उपाय मानलं जातं. त्याच्या नावातच त्याचं मूळ काम लिहिलेलं आहे: डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणारं, आणि ४० म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं मिश्रण. १९५३मध्ये अमेरिकेतल्या सॅन डिएगोत ते तयार झालं आणि अॅटलस क्षेपणास्त्राचा बाहेरचा पत्रा गंजू नये म्हणून वापरलं गेलं. हलक्या गंजावर ते उपयोगी पडतं. पण वर्षानुवर्षं धरलेल्या आट्यांसाठी फटीत झिरपणारं खास तेल वेगळं मिळतं, आणि कुठलंही तेल असलं तरी त्याला वेळ द्यावा लागतो. संध्याकाळी मारावं, हलक्या हाताने ठोकावं, सकाळी पुन्हा मारावं. फवारून लगेच पाना लावला, तर तेल आट्यांपर्यंत पोहोचलेलंही नसतं. मात्र हे तेल ब्रेक शूच्या अस्तरावर पडता कामा नये, नाहीतर ब्रेक धरणारच नाही.

सगळ्यात घातक समजूत एका शब्दातून आली आहे. ‘ब्रेक ऑइल’ असं सगळेच म्हणतात, पण गाड्यांत सर्रास वापरलं जाणारं डॉट ३ किंवा डॉट ४ हे तेल नाहीच. ते ग्लायकॉल जातीच्या रसायनांचं द्रव आहे. ते पाण्यात मिसळतं, रंग उखडतं आणि हवेतली ओल शोषून घेतं. गळत्या नटाला ‘आपोआप ऑइल मिळतंय’ म्हणून दिलासा वाटून घेणं त्यामुळे चूक ठरतं. हे द्रव नळीवरचा रंग काढतं आणि उघड्या पडलेल्या लोखंडावर पुढचा पाऊस गंज धरवतो. सांडलं तर ते भरपूर पाण्याने धुऊन काढावं. तेल असतं तर पाण्याने गेलं नसतं.

उलट बाजूने हीच चूक आणखी महागात पडते. ‘ऑइल ते ऑइल’ म्हणून कुणी ब्रेकच्या टाकीत इंजिन ऑइल ओततं, कुणी सिलिंडर रॉकेलने किंवा डिझेलने धुतं. ब्रेकमधली रबरं ग्लायकॉलमध्ये टिकावीत अशी बनवलेली असतात आणि खनिज तेलाने ती फुगतात. मग मास्टर सिलिंडरमधलं परतीचं छिद्र झाकलं जातं, ब्रेक सुटत नाहीत आणि चाकं तापतात. तेवढ्यावर द्रव बदलून भागत नाही, सगळी रबरं बदलावी लागतात. सुट्या भागांच्या आतल्या बाजूला ताजं ब्रेक फ्लुइडच लावायचं असतं.

जुनं द्रव पुन्हा वापरायचं नाही, तेही त्याच्या ओल शोषण्यामुळेच. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी शिरलं, की किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ची हीच मर्यादा २३० वरून १५५ वर उतरते. नंदी हिल्सचा घाट उतरताना ब्रेक तापले आणि द्रव उकळलं, तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते आणि पेडल खाली जातं. ओल शोषलेलं द्रव नळीला आतूनही गंजवतं.

आता पाना. साधा पाना नटाला दोनच बाजूंनी धरतो आणि नट मऊ असला की कडा गोल होतात. चारही बाजूंनी वेढणारा रिंग पाना इथे बसवता येत नाही, कारण नळी मध्ये येते. त्यासाठी फ्लेअर नट पाना असतो: रिंग पान्यालाच नळी जाण्यापुरती चीर दिलेली. बेंगळुरूच्या जेसी रोडवर जुन्या-नव्या गाड्यांच्या सुट्या भागांची आणि हत्यारांची दुकानं रांगेने आहेत; नट खराब होण्याआधीच हा पाना आणलेला बरा. नट आधी किंचित आवळावा, मग सोडावा, पुन्हा थोडा आवळावा. एकाच दिशेने रेटत राहिल्यास गंजाचा चुरा पुढे साचत जातो.

तापवणं हा उपाय खोटा नाही. दहा मिलिमीटरचं लोखंड २०० अंशांनी तापलं तर साधारण ०.०२४ मिलिमीटर फुगतं, आणि तेवढ्याने गंजाची पकड तडकू शकते. पण गाडीवरच बर्नर धरणं भयंकर धोक्याचं आहे. ब्रेक फ्लुइड पेट घेतं, शेजारी रबरी होज असतो, आणि ८००ची पेट्रोलची टाकी मागच्याच बाजूला आहे. क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनर मारलेल्या भागाला ज्वाला लागली तर फॉस्जीनसारखा विषारी वायूही तयार होऊ शकतो.

यापेक्षा शहाणपणाचा मार्ग म्हणजे काय वाचवायचं ते आधी ठरवणं. नळी पिळवटू लागली, तर ती गेली असं समजून नटालगत कापून टाकावी. नळी गेली, की नटावर सहा पैलूंचा सॉकेट पूर्ण बसतो आणि बरेचदा त्यानेच काम होतं. नळी बदलायची वस्तू आहे. तिच्यासाठी जोडणीच्या चांगल्या भागाचे आटे घालवू नयेत. आटे साफ करताना ब्रेकचे दहा मिलिमीटरचे आटे बहुधा १ मिलिमीटर पिचचे असतात हे लक्षात ठेवावं. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १.५ किंवा १.२५ पिचचा टॅप, आणि तो घातला की भाग वाया जातो. मॉरिस ऑक्सफर्डवरून घडलेल्या अॅम्बॅसॅडरसारख्या गाड्यांत इंची आटे भेटतात. तीन-अष्टमांश इंचाचा नट मेट्रिक भोकात दोन फेरे जातो आणि मग अडकतो, तेव्हा गंजाला दोष दिला जातो.

कापलेल्या नळीला रबरी तुकडा आणि क्लिप, पितळी डाग किंवा फेरूलचा सांधा लावून ‘तात्पुरतं’ भागवण्याची पद्धत मात्र बंदच व्हायला हवी. टायरमध्ये हवेचा दाब दोन बारच्या आसपास असतो. जोरात ब्रेक दाबल्यावर नळीतला दाब ७० बारच्या पुढे जातो. फ्रिज-एसीची साधी तांब्याची नळीही चालत नाही, कारण कंपनांनी तांबं कडक होऊन चिरतं. गंज टाळायचाच असेल तर ब्रेकसाठी बनवलेली तांबं-निकेलची नळी मिळते.

नवी नळी लावताना आट्यांवर टेफलॉन टेप गुंडाळणारेही दिसतात. पाण्याच्या नळाची ती सवय इथे उपयोगाची नाही. इथे गळती थांबवतात ते आटे नव्हेत, नळीचं फुलवलेलं तोंड आणि समोरची बैठक. हे तोंड दुहेरी मुडपलेलं की बुडबुड्यासारखं, हे जुनी नळी पाहून ताडून घ्यावं. एकाच्या जागी दुसरं बसत नाही. टेपचा तुकडा आत गेला तर छिद्र बुजू शकतं. आणि गळतंय म्हणून आवळत राहिलं, तर फुललेलं तोंड चिरतं. किती आवळायचं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, बहुतेकदा १५ न्यूटन-मीटरच्या आसपास.

ब्रेकमधली हवा काढून झाली, की इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर घट्ट दाबून धरावं आणि दुसऱ्याने कोरडा कागद नटाभोवती फिरवून पाहावा. कागद कोरडा राहिला, तर हवा काढायच्या ब्लीडर निपलवर रबरी टोपी चढवावी. जुन्या गाड्यांत ती बहुधा हरवलेली असते, आणि पोकळ निपलमध्ये पाणी साचून पुढच्या वेळी तोच जाम होतो.