झाकणाची भिंगरी

फेफऱ्यांवर औषध चालू असलेल्या आणि स्वमग्नतेचे निदान झालेल्या एका पाच वर्षांच्या मुलाच्या वडिलांनी मध्यंतरी माझ्यासमोर एक वही उघडून ठेवली. डाव्या पानावर मुलाला आलेल्या फिटांची तारीखवार नोंद होती, उजव्या पानावर थेरपीचा जमाखर्च. आणि डावे पान महिन्यागणिक विरळ होत चालले असता उजवे मात्र समासापर्यंत भरत गेले होते. औषध परवडते, ते म्हणाले, थेरपी परवडत नाही.

हा खर्च एवढा का, याचे उत्तर या उपचाराच्या इतिहासातच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ईवार लोवास यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९ मुलांना दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ, आठवड्याला ४० तास, एका मुलामागे एक शिक्षक, अशा रीतीने वर्तनोपचार देण्यात आला होता. अवघड कृती लहान लहान पायऱ्यांत फोडावी आणि पायरी साधताच मुलाला त्याच्या आवडीचे काही द्यावे, हे त्याचे मर्म. त्यांपैकी ९ मुले सामान्य वर्गात पहिली इयत्ता पार करून गेली, आणि तेव्हापासून चाळीस हा आकडा पालकांच्या मनात ठाण मांडून बसला. कोणत्या मुलाला हा उपचार द्यावा याची निवड तेथे चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हा आक्षेप मात्र त्या आकड्याबरोबर फिरला नाही. तासाला पाचशे रुपये असा सौम्य दर धरला तरी चार आठवड्यांचे ऐंशी हजार होतात. ते कोणत्या पगारातून द्यायचे?

आपल्याकडे स्वस्त उपचाराची वाट सरकारी दप्तरातून जाते, आणि ती वाट कंटाळवाणी असली तरी खोटी नाही. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत शीघ्र हस्तक्षेप केंद्रे स्थापण्याची तरतूद झाली. जेथे पदे भरलेली आहेत तेथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि वाचा-उपचारक एकाच छताखाली विनामूल्य भेटतात. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वाचा व श्रवण यांचे काम करते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, म्हणून तिचा दाखला मिळतो. आणि तो हाती असला की राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे विमाछत्र मिळू शकते, ज्यात थेरपीच्या खर्चासाठीही ठरावीक रक्कम धरलेली आहे. अतिचंचलतेचे निदान झालेल्या मुलाला मात्र केवळ त्या निदानावर असा दाखला मिळत नाही, कारण त्या यादीत अतिचंचलता नाहीच. अशा पालकांनी मेडिकल कॉलेजच्या किंवा पालिका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात केसपेपर काढून रांगेत उभे राहणे, हाच त्यातल्या त्यात कमी खर्चाचा उपाय. आणि पैसे मोजायचेच असतील, तर समोरच्या गृहस्थांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे की नाही याची खातरजमा आधी करावी. पाटी रंगवायला फारसे काही लागत नाही.

परंतु मला सर्वांत विचारात घेण्याजोगे वाटते ते गोव्यातले काम. तेथील ‘संगाथ’ या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी मिळून, ६५ स्वमग्न मुलांच्या एका प्रयोगात, इंग्लंडात विकसित झालेली एक पद्धत तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित साध्या कार्यकर्त्यांकरवी राबवून पाहिली. पंधरवड्यातून एक याप्रमाणे बारा बैठका. प्रत्येकीत आईबाप मुलाबरोबर खेळतात, त्याचे चित्रण होते आणि मग ते चित्रण कार्यकर्ता व पालक मिळून न्याहाळतात. ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त २०१६ साली छापलेल्या निष्कर्षांनुसार पालक मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपण होऊन अधिक वेळा संवाद साधू लागली, दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा काळ मात्र उलट घटला. प्रयोग लहान होता. तरीही तासांचा हिशेब त्याने उलटा केला, कारण उरलेले तेरा दिवस आईबाप घरातच असतात व त्यांची फी द्यावी लागत नाही. अर्थात हा भार बहुतेक घरांत आईवरच पडतो, हे सांगितल्याशिवाय त्याला स्वस्त म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल.

वहीवाल्या गृहस्थांच्या घरी त्यांच्या पत्नीने असेच, कोणाच्या तरी सांगण्यावरून, मोबाइलवर दहा मिनिटे चित्रित केली होती. (त्याआधी एका बालरोगतज्ज्ञांनी, मुलगा आठवडाभर डोके का आपटत होता याचा उलगडा वर्तनात न शोधता त्याच्या किडक्या दाढेत शोधला होता, हेही नमूद करायला हवे; दात, पोट, कान आणि फिटांच्या औषधाची मात्रा यांची विचारपूस उपचारकाच्या तासाआधी व्हावी.) चित्रणात मुलगा डब्याचे स्टीलचे झाकण फरशीवर भिंगरीसारखे फिरवीत होता आणि आई त्याच्यासमोर चित्रांचे पुस्तक धरून ‘हत्ती बघ, हत्ती’ असे म्हणत होती. तिसऱ्यांदा पाहताना तिच्या ध्यानात आले, की झाकण निपचित पडल्यावर त्याने निमिषभर मान वर करून तिच्याकडे पाहिले होते, आणि नेमकी त्या वेळी ती पान उलटीत होती.

परवा गेलो तेव्हा पुस्तक कपाटात होते. ती त्याच्यासमोर फरशीवर बसली होती. तिच्याही हातात एक झाकण होते, आणि त्याचे झाकण थांबण्याची ती वाट पाहत होती.