गाडी उठत नाही : बिघाड कोठे, दोष कोणाचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही तिघे शिक्षक भिवंडीहून दिघाशीला एकाच जुन्या पेट्रोल मोटारीतून ये-जा करतो. जुलैमधल्या एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर गाडीची किल्ली फिरवली, तर बॉनेटखालून नुसता 'टक्' असा आवाज आला. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता. पण सेल्फ काही फिरेना. दहावीच्या मुलांनी धक्का दिला तेव्हा गाडी लगेच सुरू झाली. म्हणजे इंजिनात दोष नव्हता.

वाटेतल्या एका गॅरेजात थांबलो. "बॅटरी गेली असेल," असे आम्हीच मिस्त्रींना सांगितले. त्यांनी टेस्ट लॅम्प सेल्फच्या जोडणीला लावला. दिवा लख्ख पेटला. "वायरिंग ठीक आहे सर, बॅटरीच बसलीय," ते म्हणाले. नवी बॅटरी साडेचार हजारांना पडली. जुनी तेथेच मोडीत दिली. बारा दिवस गाडी उत्तम चालली आणि तेराव्या दिवशी पुन्हा 'टक्'!

दुसऱ्या गॅरेजात सेल्फ उघडला गेला. कार्बन ब्रश बदलले, आर्मेचर बदलले. तीन हजार दोनशे रुपये झाले. आठवड्याने पुन्हा तेच. तेव्हा मात्र आमचा संयम सुटला. पहिल्या गॅरेजात जाऊन, मिस्त्रींच्या हाताखालच्या पोरांसमोर, आम्ही त्यांना लबाड म्हटले. ते काही बोलले नाहीत.

असा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आला असेल. अशा वेळी आपण 'हे गॅरेजवाले सगळे असेच' असे म्हणून मोकळे होतो. पण विज्ञान शिकवणाऱ्यांनी तेवढ्यावर थांबावे काय? आम्ही थांबलो नाही, याचे श्रेय मात्र नववीतल्या एका मुलाला आहे.

दिवा पेटतो, पण सेल्फ फिरत नाही

त्या दिवशी शाळेच्या आवारात बॉनेट उघडून आम्ही किल्ली तीन-चार वेळा फिरवून पाहिली होती. किल्ली काढल्यावर तो मुलगा आत वाकून पाहत होता. बॅटरीच्या ऋण टोकाकडून येणारी जाड काळी तार गिअरबॉक्सच्या आवरणावर ज्या बोल्टने आवळलेली असते, तेथे त्याचा हात लागला. "सर, हे तापलंय!" तो म्हणाला.

तार तापली नव्हती, फक्त तिचे टोक तापले होते. आम्ही प्रयोगशाळेतला मल्टिमीटर आणला. एकाने किल्ली फिरवायची, दुसऱ्याने वाचन घ्यायचे असे ठरले. सेल्फ फिरवण्याचा प्रयत्न चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांमधले विभवांतर ११.३ व्होल्ट भरले. मग मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी गिअरबॉक्सच्या आवरणाला लावली. एका जाड तारेने जोडलेल्या या दोन जागांमध्ये विभवांतर जवळजवळ शून्य हवे. फार तर व्होल्टचा दोन दशांश भाग. मीटरने ३.८ व्होल्ट दाखवले!

आता ओहमचा नियम लावून पाहू. पूर्ण भारित बॅटरीचे विभवांतर सुमारे १२.६ व्होल्ट असते. तिचा अंतर्गत रोध ०.०१ ओहम आणि थांबलेल्या सेल्फचा रोध ०.०६ ओहम धरू. लहान मोटारीसाठी हे आकडे वास्तवाच्या जवळचे आहेत. एकूण रोध ०.०७ ओहम, म्हणून विद्युतधारा १८० अँपिअर. आपल्या घरातला पंखा अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी धारा घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा आवाका कळतो.

समजा, बोल्टखालच्या गंजामुळे या मंडलात फक्त ०.०३ ओहमची भर पडली. एकूण रोध ०.१० ओहम झाला आणि धारा १२६ अँपिअरवर आली. सांध्यावर १२६ गुणिले ०.०३, म्हणजे सुमारे ३.८ व्होल्ट खर्च झाले. बॅटरीच्या टोकांवर ११.३ व्होल्ट असूनही सेल्फच्या वाट्याला साडेसातच उरले. जुन्या पद्धतीच्या सेल्फमध्ये क्षेत्र-वेटोळे आणि आर्मेचर एकसर जोडणीत असतात. अशा मोटरची फिरवण्याची ताकद साधारणपणे धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा सत्तर टक्के झाली की ताकद निम्म्यावर येते. इंजिन फिरणार कसे?

मग टेस्ट लॅम्प लख्ख का पेटला? तो दिवा ५ वॅटचा होता. त्याला अर्ध्या अँपिअरहूनही कमी, सुमारे ०.४ अँपिअर धारा लागते. तीच धारा त्याच गंजलेल्या सांध्यातून गेली, तर तेथे व्होल्टचा जेमतेम एक शतांश भाग खर्च होतो. डोळ्याला तो फरक कळणे शक्यच नाही. म्हणजे मिस्त्रींनी जे पाहिले ते खरे होते. खोटा होता तो त्यावरून काढलेला निष्कर्ष. 'मार्ग आहे' हे दिव्याने सांगितले. 'मार्ग पुरेसा रुंद आहे' हे तो सांगू शकत नव्हता. पायवाटेवरून माणूस गेला म्हणून मालमोटारही जाईल, असे आपण म्हणत नाही.

सांधा तापला तोही याच हिशेबाने. धारेचा वर्ग गुणिले रोध म्हणजे सुमारे ४७६ वॅट. पाच सेकंदांत तेथे सुमारे २,३८० ज्यूल, म्हणजे ५७० कॅलरी उष्णता निर्माण होते. सांध्याचा धातू १०० ग्रॅम आणि विशिष्ट उष्मा ०.१ धरला, तर उष्णता बाहेर न गेल्यास तापमान ५७ अंशांनी वाढेल. मुलाच्या बोटांनी बिघाड नेमका शोधला होता.

बारा दिवस गाडी का चालली?

बोल्ट काढला तेव्हा खाली पांढुरकी भुकटी साचलेली दिसली. तारेचे टोक तांब्याचे, बोल्ट लोखंडाचा आणि गिअरबॉक्सचे आवरण अॅल्युमिनियमचे. त्यांच्यामध्ये रस्त्यावरचे चिखलपाणी शिरले की एक लहानसा विद्युतघटच तयार होतो आणि त्यात अॅल्युमिनियम झिजते. त्याचे ऑक्साइड विजेला वाहू देत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात ही क्रिया किती वेगाने होते, ते वेगळे सांगायला नको. आम्ही सांधा कानशीने व पॉलिश पेपरने घासला, बोल्ट घट्ट आवळला, वरून ग्रीस लावले. पुन्हा मोजले तेव्हा ३.८ च्या जागी ०.१ व्होल्ट आले आणि सेल्फ पहिल्याच किल्लीला फिरला. खर्च म्हणाल तर पॉलिश पेपरचा.

मग नव्या बॅटरीने गाडी बारा दिवस कशी चालली? बॅटरी बदलताना काळी तार ओढली जाते, वळवली जाते. त्या हालचालीत बोल्टखालचा थर खरवडला गेला आणि सांधा तात्पुरता सुधारला असावा. सेल्फ काढण्या-बसवण्याच्या वेळीही तेच झाले असणार. म्हणजे दोन्ही वेळा दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि गुण आल्याचे श्रेय दिसणाऱ्या बदलाला, पैसे मोजलेल्या बदलाला, मिळाले. 'एका वेळी एकच घटक बदला' हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो ते याचसाठी. औषध घेतले आणि ताप उतरला, एवढ्यावरून औषधानेच उतरला असे ठरत नाही.

बॅटरी खराब की सांधा खराब, हे ओळखणारी कसोटी दोन मिनिटांची आहे. सेल्फ मारताना बॅटरीच्याच टोकांवरचे विभवांतर ९-१० व्होल्टच्या खाली कोसळत असेल, तर बॅटरीवर संशय घ्यावा. ते चांगले टिकून राहिले आणि तरी सेल्फ फिरत नसेल, तर व्होल्ट वाटेत किंवा खुद्द सेल्फमध्ये अडकले आहेत. मग एकेका सांध्यावर मोजत जावे. हे वाचन पहिल्याच दिवशी घेतले असते तर सात हजार सातशे रुपये वाचले असते. जुनी बॅटरी आम्ही मोडीत दिल्याने तिची परीक्षा आता होणे नाही. पुरावाच आम्ही हातातून घालवला.

वर्गात करून पाहा

दोन टॉर्चचे सेल, खेळण्यातली छोटी मोटर, एक तांबडा एलईडी, १०० ओहम व १० ओहमचे दोन रोधक आणि मल्टिमीटर एवढे साहित्य पुरते. प्रथम १०० ओहमच्या रोधकासह एलईडी पेटवा. मग मंडलात १० ओहमचा 'गंज' घाला. प्रकाशात फरक जाणवत नाही. आता एलईडी व त्याचा रोधक काढून त्यांच्या जागी मोटर जोडा. ती फिरत नाही, किंवा बोटाने चालना द्यावी लागते. दोन्ही वेळा १० ओहमच्या रोधकावरचे विभवांतर मोजायला सांगा. एलईडीच्या वेळी ते व्होल्टच्या दहाव्या भागाच्या आसपास येईल. मोटरच्या वेळी तीन व्होल्टांपैकी बराच मोठा भाग तेथेच सापडेल. विद्यार्थ्यांना एक प्रश्नही घालता येईल : भिवंडीच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या मोठ्या मालमोटारींत १२ ऐवजी २४ व्होल्टची व्यवस्था का असते?

मोटारीवर प्रयोग करताना गाडी न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढलेला असावा. सैल कपडे पंख्यापासून दूर ठेवावेत. बॅटरीजवळ ठिणगी पडू देऊ नये, कारण तिच्यातून हायड्रोजन वायू निघत असतो. सांध्याला हात लावायचा तो किल्ली काढल्यावर, आणि जपून.

अज्ञान की लबाडी?

आंबा गोड आहे की आंबट ते कापल्यावर कळते. कापडाचा रंग पक्का आहे की नाही ते धुतल्यावर कळते. गॅरेजातल्या कामाचे तसे नाही. आर्मेचर खरोखरच बदलायला हवे होते काय, हे पैसे दिल्यानंतरही आपल्याला कळत नाही. अर्थशास्त्रज्ञ डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ मध्ये अशा सेवांचा एक वेगळाच वर्ग दाखवून दिला. त्याआधी १९७० मध्ये जॉर्ज अकरलॉफ यांनी जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन सांगितले होते, की विकणाऱ्याला माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते तेव्हा चांगला मालही बाजारातून मागे हटतो. २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी ते एक होते. गॅरेजाला हे लागू करून पाहा. काळजीपूर्वक मोजमाप करणाऱ्या मिस्त्रीचा अर्धा तास आपल्याला दिसत नाही, म्हणून आपण त्याचे पैसे द्यायला कुरकुरतो. नव्या सुट्या भागाचे मात्र निमूट देतो. मग तो मोजमाप कशाला करील?

१९४१ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट' या मासिकाने अमेरिकेतल्या ४८ राज्यांत एक पाहणी केली. चांगल्या मोटारीच्या कॉइलची एक तार मुद्दाम सोडून ती ३४७ गॅरेजांत नेण्यात आली. सुमारे ६३ टक्के ठिकाणी जादा पैसे घेतले गेले, नको ते भाग बसवले गेले किंवा न केलेल्या कामाची आकारणी झाली. आकडा बोलका आहेच. पण पाहणीची रीत त्याहून महत्त्वाची. बिघाड कोणता हे आधी ठाऊक होते, म्हणूनच प्रामाणिकपणा मोजता आला. आम्हाला बिघाड ठाऊकच नव्हता, तरी आम्ही निकाल देऊन बसलो होतो. बाहेरून पाहणाऱ्याला अज्ञान आणि लबाडी सारखीच दिसतात. दोहोंची किंमतही आपणच मोजतो, पण दोहोंवरचा उपाय वेगळा असतो.

नव्या गाड्यांत संगणक बिघाडाचे सांकेतिक क्रमांक दाखवतो, त्यामुळे हा प्रश्न सुटला असे वाटेल. तसे नाही. 'मिश्रणात इंधन कमी' असा संकेत आला, तर तो लक्षण सांगतो, कारण नव्हे. संवेदक बिघडला असेल, इंधनाचा दाब कमी असेल किंवा एखादी रबरी नळी फाटून हवा आत शिरत असेल. संकेत वाचून थेट संवेदक बदलणे म्हणजे टेस्ट लॅम्पची चूक नव्या साधनाने करणे होय.

गॅरेजात जाताना

लक्षण सांगावे, निदान सांगू नये. 'बॅटरी गेली' नव्हे, तर 'दिवे लागतात, टक् होते, सेल्फ फिरत नाही, पाऊस पडल्यावर जास्त होते' असे सांगावे. भाग बदलण्यापूर्वी विचारावे : हा भाग खराब आहे हे कशावरून? दुरुस्तीच्या आधीचे आणि नंतरचे वाचन लिहून घ्यावे. तपासणीची मजुरी वेगळी द्यावी आणि ती आनंदाने द्यावी. जुना भाग काही दिवस तरी मागून ठेवावा. कामाचा अंदाज व बिल तपशीलवार घ्यावे.

फसवणूक झालीच, तर १९८६ च्या कायद्याच्या जागी आलेला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दुरुस्ती ही पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने तिच्यातील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा सल्ला मिळतो. मात्र तेथेही पहिला प्रश्न पुराव्याचाच येतो, आणि तोंडी व्यवहाराला पुरावा नसतो.

आमचे एक काम राहिले होते. वाचनांचा कागद घेऊन आम्ही पहिल्या गॅरेजात गेलो, त्याच पोरांसमोर मिस्त्रींची माफी मागितली आणि सांध्याची हकिकत सांगितली. ते बराच वेळ कागद पाहत राहिले. मग पैशांबद्दल किंवा अपमानाबद्दल काहीच न बोलता त्यांनी एवढेच विचारले, "सर, अर्थिंगला किती व्होल्टपर्यंत चालतं म्हणालात?"

आम्ही सांगितले, "दोन दशांश." त्यांनी ते फळ्यावर, सुट्या भागांच्या दरांखाली, खडूने लिहून ठेवले.