मराठी कानाला जर्मन
२०२४ साली महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यामुळे वाशिमच्या परिचारिकेपुढे, वायरमनपुढेही प्रश्न आला : तिशीत जर्मन जमेल का?

मराठीची शिदोरी इथे कामी येते. इंग्रजीत नसलेली नामांची तीन लिंगे जर्मनमध्ये आहेत. गौणवाक्यात क्रियापद मराठीसारखेच शेवटी जाते. विभक्ती मात्र वेगळी. आपण नामाला प्रत्यय जोडतो. तिकडे बदलते मुख्यतः नामाआधीचे उपपद. पुल्लिंगी कर्त्याचे ‘डेर’ कर्माला ‘डेन’ होते.

लिंगेही जुळतीलच असे नाही. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा स्त्रीलिंगी. म्हणून नुसते ‘झोने’ पाठ करू नये, ‘डी झोने’ म्हणावे. प्रौढ वयात कान मंदावला, तरी नियम ओळखणारी समज पक्की असते. तिच्यावर भिस्त ठेवावी.