आगटी विझली असे कधी म्हणावे?

मंडळी, मार्गशीर्ष-पौषात ज्वारीचा दाणा चिकात आला, की बांधावर आगट्या पेटतात. पाहुणे येतात, मुले कणसे चोळायला बसतात, दाण्याची चटणी नि गूळ पुढे येतो. या हुरड्याच्या आड आम्ही मुळीच येत नाही! पण आगटीशी कसे वागावे, याविषयी आज थोडे बोलू.

वीतभर खोल खड्ड्यात गोवऱ्या रचून पेटवायच्या नि जाळ बसला की निखाऱ्यात कणसे खुपसायची, ही जुनी रीत शहाणपणाची आहे. गोवरी संथ जळते. पाचट नि काटक्यांच्या जाळाने कणसे करपतातच, शिवाय ठिणग्या उडतात. जागा निवडताना आधी वारा पाहा. तो आगटीकडून कडब्याच्या गंजीकडे वाहत असेल तर जागा बदला. भोवतीचे गवत खुरपून काढा नि भरलेली घागर जवळ ठेवा.

गोवऱ्या ओल्या असल्या, की कुणीतरी रॉकेल नाहीतर मोटरसायकलीतले पेट्रोल आणतो. हे मात्र कदापि करू नका. तापलेल्या निखाऱ्यावर रॉकेल पडले, की आधी त्याची वाफ होते; मग ती एकदम भडकते, नि जाळ धारेवरून थेट डब्याशी पोचतो. पेट्रोलची वाफ तर हवेपेक्षा जड; ती जमिनीलगत सरपटत विस्तव गाठते.

पदर, ओढणी खोचून घ्या. कपड्याने पेट घेतलाच तर धावू नये. वाऱ्याने जाळ वाढतो. जमिनीवर लोळावे नि वर घोंगडी टाकावी. लोकर सहसा पेट घेत नाही.

आता खरी गोष्ट. हुरडा खाऊन मंडळी उठतात, कुणी आगटीवर चार मुठी माती लोटतो नि म्हणतो, "विझली!" अहो, आपल्या आज्या रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवीत, सकाळी त्यावरच चूल पेटवीत. माती टाकून आपण तेच करतो! राखेतून उष्णता लवकर बाहेर पडत नाही, हवा मात्र थोडीथोडी आत जात राहते. दुसऱ्या दिवशी अनवाणी पोर त्या मऊ राखेत पाय घालते. म्हणून वाफेपासून अंग राखून पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेवर तळहात धरून ऊब लागली नाही, म्हणजे विझली.

गुरुजींना हे वर्गाला दाखवता येईल. स्वतः चिमट्याने गोवरीचे दोन पेटते तुकडे घ्यावेत. एक उघडा ठेवावा, दुसरा राखेत पुरावा. काही वेळाने आधी कुठला निवतो ते मुलांनी लांबून पाहावे.

पोळलेच तर त्या जागी 20 मिनिटे थंड पाण्याची धार धरा. शेतात नळ नसेल तर तांब्याने ओता. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढा. कातडीला चिकटलेले कापड मात्र ओढू नका. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही नको. स्वच्छ कापड सैल झाकून दवाखाना गाठा.

आणि थंडी आहे म्हणून उरलेला विस्तव घमेल्यात भरून निजायच्या खोलीत नेऊ नका. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातला जो पदार्थ प्राणवायू वाहून नेतो, त्याला हा वायू प्राणवायूच्या सुमारे दोनशे पट घट्ट धरतो, नि मग प्राणवायूला जागाच उरत नाही. डोके जड होते, मळमळते, झापड येते. माणसाला वाटते, हुरडा जास्त झाला! एकाच खोलीतल्या दोघा-तिघांना असे वाटू लागले, तर दारे-खिडक्या उघडून सगळ्यांना आधी अंगणात आणा नि लगेच 108 क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. बरे वाटू लागले तरी डॉक्टरांना दाखवाच.