मुलांच्या ताटातील निवड कोणाची?

एखाद्या मोठ्या उपाहारगृहात चौघांचे कुटुंब जेवावयास जाते. आईवडिलांपुढे वेटर जाडजूड मेनूकार्ड ठेवतो. त्यात शेदीडशे पदार्थांची नावे असतात. मुलांपुढे मात्र तो एक निराळेच कार्ड ठेवतो. ते रंगीत असते, त्यावर ससा नाही तर हत्ती काढलेला असतो आणि आत चार-पाचच पदार्थ असतात : तळलेल्या बटाट्याच्या फोडी, पिझ्झा, नूडल्स, एखादे गोड पेय आणि शेवटी आइस्क्रीम. मूल त्यातल्या एकावर बोट ठेवते. आई म्हणते, ‘‘याला दुसरं काही आवडतच नाही हो!’’ या घटकेस आपल्याला असे वाटते, की निवड मुलाने केली. ती खरोखर कोणी केली, याचाच आज थोडा विचार करावयाचा आहे.

मुलांसाठी निराळा मेनू ही कल्पना काही मुलांच्या आवडीतून निघालेली नाही. तिचा उगम शोधू गेल्यास आपण अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात जाऊन पोहोचतो. १९२० च्या जानेवारीत तेथे देशव्यापी दारूबंदी अमलात आली आणि मोठ्या हॉटेलांचे मद्यविक्रीचे भरभक्कम उत्पन्न एकाएकी बुडाले. तेव्हा नवे गिऱ्हाईक शोधणे प्राप्त झाले, आणि आजवर ज्यांच्याकडे कोणी फारसे पाहिले नव्हते ती मुले व त्यांच्या माता यांच्याकडे हॉटेलवाल्यांची दृष्टी वळली. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अस्टोरिया या प्रख्यात हॉटेलाने १९२१ साली मुलांसाठी स्वतंत्र कार्ड काढले. त्यावर इंग्रजी बालगीतातील जॅक हॉर्नर या पोराचे चित्र होते. आत होते काय? उकडलेल्या भातावर कोंबडीच्या मांसाचे बारीक तुकडे, लोण्यातल्या हिरव्या भाज्या आणि वाळवलेल्या आलूबुखाराचा घोटून फेसाळ केलेला गोड पदार्थ. एकंदरीत आजाऱ्याला द्यावे तसे हे जेवण होते!

यालाही कारण होते. डॉ. एमेट होल्ट या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञाने १८९४ साली मुलांची निगा व आहार यांवर एक पुस्तक लिहिले होते, आणि पुढे कित्येक वर्षे अमेरिकन मातांनी ते प्रमाण मानले. मुलांचे अन्न साधे, मऊ व मसाल्यावाचून असावे; मोठ्यांच्या ताटातील चमचमीत पदार्थ त्यांच्या प्रकृतीस अपायकारक होत, असा त्या शिकवणुकीचा रोख होता. हॉटेलाने वैद्यकाचा हा उपदेशच छापून आईच्या हाती दिला. पुढे १९३३ साली दारूबंदी उठली, होल्ट यांची मतेही मागे पडली, परंतु मुलांचे कार्ड तेवढे मागे उरले. त्यातील उकडलेला भात जाऊन तेथे तळलेले, खारट व गोड पदार्थ आले. १९७९ साली मॅकडोनाल्ड्सने खेळणे घातलेली ‘हॅपी मील’ची पेटी अमेरिकाभर विकावयास काढली, तेव्हा तर जेवण आणि खेळणे यांची गाठच मारली गेली. पदार्थ बदलले, पण ‘मुलांचे अन्न निराळे आणि थोडक्याच प्रकारचे’ ही समजूत जशीच्या तशी राहिली.

आता प्रश्न असा, की मूल आपल्या मनाने निवडू लागले तर काय निवडील? या प्रश्नाचे उत्तर डॉ. क्लारा डेव्हिस या अमेरिकन विदुषीने १९२६ पासून काही वर्षे चालविलेल्या प्रयोगात शोधले. नुकतीच अंगावरून तोडलेली, सहा ते अकरा महिन्यांची पंधरा बालके त्यांनी संस्थेत ठेवून घेतली. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही. परंतु जे घडले ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. मुलापुढे निरनिराळ्या वाट्यांतून दूध, अंडी, मांस, मासे, कलेजी, ओट, गहू, गाजर, बीट, पालक, केळे, सफरचंद असे पदार्थ ठेवीत. मीठसुद्धा वेगळ्या वाटीत. परिचारिकेने हातात चमचा घेऊन गप्प बसावयाचे. मुलाने हात पुढे केला तरच त्या पदार्थाचा चमचा भरावयाचा, आणि त्याने तोंड उघडले तरच तो आत घालावयाचा. ‘हे खा’ असे म्हणावयाचे नाही, नाकारल्यास कपाळाला आठी घालावयाची नाही.

मुलांनी जी जेवणे केली ती पाहून कोणत्याही सुगृहिणीने कपाळावर हात मारला असता. कोणी सकाळी संत्र्याचा रस आणि कलेजी यांवरच न्याहारी आटोपली, तर कोणी रात्री अंडी, केळी व दूध घेतले. दोन मुलांचा आहार एकसारखा म्हणून नव्हता. तरीही मुले वाढली, सशक्त राहिली. मुडदूस झालेल्या एका बालकापुढे कॉडमाशाच्या यकृताच्या तेलाची वाटी ठेवली होती. त्याने ते तेल आपण होऊन घेतले, आणि दुखणे बरे झाल्यावर सोडून दिले.

या प्रयोगावरून कित्येकांनी असा निष्कर्ष काढला, की मुलाच्या शरीराला हवे-नको सारे कळते. त्याला वाटेल ते खाऊ द्यावे. पण स्वतः डॉ. डेव्हिस यांनी १९३९ साली आपल्या प्रयोगातील मख्खी उघड करून सांगितली. ती होती पदार्थांच्या यादीत! यादीत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद पदार्थ नव्हते. जे होते ते सारे साधे, सकस अन्न होते. त्यातून मुलाने काहीही निवडले तरी फारसे बिघडण्यासारखे नव्हते. साखर-मैद्याचे पदार्थ पुढे ठेवून हाच प्रयोग पुन्हा करावा असा त्यांचा मानस होता. परंतु जागतिक मंदीमुळे पैसा आटला आणि ते राहून गेले. तो राहिलेला प्रयोग आज आपणच आपल्या घरी आणि उपाहारगृहांत करीत आहोत, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

‘‘पण आमचा मुलगा भाजीला शिवतच नाही, त्याचे काय?’’ हा प्रश्न रास्त आहे. दीड-दोन वर्षांच्या सुमारास बहुतेक मुले नव्या पदार्थाकडे संशयाने पाहू लागतात. यात हट्ट कमी आणि अनोळखीपणाची भीती अधिक असते. लीन बर्च या अमेरिकन संशोधिकेने १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन वर्षांच्या मुलांना काही नवे पदार्थ दोनदाच, काही पाच-दहा वेळा, तर काही वीस वेळांपर्यंत चाखावयास दिले. जो पदार्थ जितक्या अधिक वेळा तोंडात गेला तितका तो अधिक आवडू लागला. आपण मात्र दोन-तीन वेळा मुलाने तोंड फिरवले, की ‘याला आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. त्याचप्रमाणे, ‘सूप संपव, सूप संपव’ असा लकडा लावल्याने लहान मुले सूप कमी पितात, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसून आले. लाचेचेही तेच. ‘भाजी खाल्लीस तर आइस्क्रीम मिळेल’ या वाक्यातून मूल एवढेच शिकते, की भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस.

आपल्या घरांकडे वळून पाहिले, तर या शास्त्राचा पुष्कळसा भाग आपल्या पंगतीत होताच, असे आढळेल. सहाव्या महिन्याच्या सुमारास उष्टावण होई, मग मऊ भात, वरण, तूप. आणि मूल बसू लागले, की त्याचे पान मोठ्यांच्या शेजारीच मांडले जाई. त्याच्यासाठी तिखट कमी केले जाई, पण स्वयंपाक निराळा होत नसे. बृहन्महाराष्ट्रातील आपल्या कुटुंबांकडे तर याचा जिवंत पुरावा आहे. बडोद्याच्या मराठी घरातले मूल चिंचगुळाच्या आमटीइतकेच गोडसर गुजराती डाळीवर वाढते. हैदराबादचे तेथील आंबट-तिखट चवी आपल्या मानते. बेळगावचे ज्वारीची भाकरी आणि गोव्याचे माशाची आमटी सहज खाते. ही आवड रक्तातून आलेली नाही. ती रोज डोळ्यांपुढे असलेल्या ताटातून आलेली आहे.

अर्थात पूर्वीचे सारे सोन्याचे होते असेही नव्हे. ज्यांच्या घरी ताटात वाढावयासच काही नाही, त्यांच्या मुलांना निवडीचा प्रश्नच पडत नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार सहा ते तेवीस महिन्यांच्या भारतीय बालकांपैकी शंभरातील सुमारे अकरांनाच किमान पुरेसा आहार मिळत होता. दुसरीकडे, पाच वर्षांखालील मुलांत वजन प्रमाणाबाहेर असलेल्यांची संख्या मागील पाहणीच्या वेळी शेकडा २.१ होती, ती या वेळी ३.४ झाली. दोन्ही आकड्यांचा अर्थ एकच : मूल काय खाते, हे त्याच्या पुढ्यात काय येते यावर ठरते.

हे ओळखून काही ठिकाणी कायद्याने यादीतच हात घातला आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१९ पासून मुलांच्या जेवणाबरोबर आपोआप मिळणारे पेय पाणी किंवा दूध यांसारखे साधेच असावे लागते. कोणी मुद्दाम मागितले तर दुसरे देता येते. आपल्याकडेही २०२० च्या नियमांनी शाळांच्या उपाहारगृहांत आणि शाळेच्या आवारापासून पन्नास मीटरच्या आत अति मेद, मीठ वा साखर असलेल्या पदार्थांच्या विक्रीस मनाई केलेली आहे.

परंतु घरातला कायदा आपणच करावयाचा असतो. काय, केव्हा आणि कोठे वाढावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे. त्यातले किती खावयाचे, किंवा खावयाचे की नाही, हे मुलावर सोडावे. नवी भाजी लहानशा चमच्याएवढीच वाढावी आणि नाकारल्यास रागावू नये. चार दिवसांनी पुन्हा वाढावी. त्याच्या शेजारी ओळखीचा एखादा पदार्थ असावा, म्हणजे मूल उपाशी उठणार नाही. मोठ्यांनी तीच भाजी त्याच्यासमोर आवडीने खावी. मुलाचे वजन वाढत नसेल, किंवा ते मोजकेच दोन-चार पदार्थ सोडून सारेच टाळीत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर न थांबता डॉक्टरांना दाखवावे.

आणि उपाहारगृहात? वेटरने ते सशाचे कार्ड पुढे ठेवले, तर त्याला नम्रपणे म्हणावे, ‘‘एक रिकामी ताटली तेवढी आणा.’’ तीत आपल्या ताटातले थोडे थोडे वाढावे. मूल त्यातले काही टाकील, काही चाखील आणि एखादा पदार्थ पुन्हा मागेल. तो मागेल त्या वेळी मात्र निवड खरोखरच त्याची असेल.