पाठीवर दप्तर, वय सत्तर

डोंबिवलीच्या मानपाड्याहून कल्याणला यायचं आणि तिथून मुरबाडचा रस्ता धरायचा. इमारती मागे पडतात, भातखाचरं सुरू होतात. जिल्हा मात्र ठाणेच. याच मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, एक शाळा भरली. विद्यार्थिनी साठ ते नव्वद वर्षांच्या. नाव, आजीबाईंची शाळा.

कल्पना जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांची. शिवजयंतीच्या निमित्ताने गावातल्या बायका पोथी वाचत होत्या. आपल्यालाही वाचता आलं असतं तर, असं काही म्हाताऱ्या बोलून गेल्या आणि गुरुजींनी ते मनावर घेतलं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने पाटी, पेन्सिल, दप्तर आणि गणवेश दिला. गणवेश म्हणजे गुलाबी लुगडं. विधवा आज्यांनाही रंग तोच. ज्या बाईने नवऱ्यामागे रंग टाकले, तिच्यासाठी पहिला धडा तिथेच झाला.

दुपारी घरचं आणि शेतातलं आवरलं की आज्या जमतात. प्रार्थना, मुळाक्षरं, अंक, कविता असा वर्ग चालतो. शिकवायला गावातलीच एक सून. तिची सासूही विद्यार्थिनींत. नजर अधू, बोटं थरथरणारी, काल गिरवलेलं आज आठवेलच असं नाही. म्हणून अक्षर मोठं काढायचं आणि पुन्हापुन्हा गिरवायचं. घरचा अभ्यास घ्यायला नातवंडं आहेतच.

या पिढीच्या लहानपणी शाळा नव्हती असं नाही. ती पोरींसाठी नव्हती. भाऊ शाळेत गेला, पोर धाकट्यांना सांभाळत किंवा गुरांमागे राहिली आणि मग लग्न झालं. पुढे बँकेत, रेशनवर अंगठाच पुढे करावा लागला. त्यामुळे शिक्षणाचं माप या आज्यांकडे वेगळं आहे. नोकरी नको, मार्क नकोत. कागदावर स्वतःचं नाव स्वतः लिहायचं, शाई लावायला बोट दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. टक्केवारीच्या मागे धावणाऱ्या आपल्या शाळांनी हे माप एकदा लावून बघावं.

प्रौढांना शिकवण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही. साताऱ्यात १९५९ साली ग्रामशिक्षण मोहीम उभी राहिली, तीही गावकऱ्यांच्या बळावर. केंद्र सरकारचा २०२२ ते २०२७ या काळासाठीचा नवभारत साक्षरता कार्यक्रमही पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी आहे आणि त्याची भिस्त स्वयंसेवकांवर आहे. पण मोहीम संपली की वर्ग मोडतो. फांगण्याचं वेगळेपण हे की इथे शिकवणारी, शिकणारी आणि अभ्यास घेणारं नातवंड एकाच गावचं, कधी एकाच घरातलं.

अंगठा उठवणाऱ्या आज्या फक्त खेड्यातच असतात असं नाही. गावाहून मुलाकडे राहायला आलेली एखादी आजी मानपाड्यातल्या तुमच्या इमारतीतही असेल. सोसायटीचं कार्यालय दुपारी बंदच असतं. ते उघडा, चार पाट्या आणा आणि तिच्या नावापासून सुरुवात करा.